अनसेट केलं की विषय संपला

आमच्या ऑफिसचे मालक स्वतःला सर म्हणवून घेतात. आयुष्यात त्यांच्याकडून काही शिकलेला माणूस मला अजून भेटायचाय. जुन्या पनवेलमध्ये, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर, एका मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस आहे. गावातले केटरर, मंगल कार्यालयं, क्लासेस, बिल्डर यांच्या वेबसाइट आम्ही करतो. खालून दिवसभर तुपाचा वास येतो आणि वर सर दिवसभर बोलतात. दोन्हींनी सारखंच डोकं जड होतं.

सरांची एक लाडकी फाईल आहे. तिचं नाव 'कॉमन'. पीएचपी ही भाषा जेव्हा सगळेच नव्याने शिकत होते तेव्हा त्यांनी ती लिहिली, आणि तेव्हापासून आमच्या प्रत्येक वेबसाइटमध्ये ती फाईल जशीच्या तशी डकवली जाते. नवं घर बांधा, नवा संसार थाटा, सरांची जुनी ट्रंक आधी आत ठेवा, तशातली गत. त्या फाईलमध्ये 'साफ' नावाचं एक फंक्शन आहे. एका माणसाचं काम झालं की दुसऱ्याचं सुरू करण्याआधी ते हाकायचं, म्हणजे आधीच्याची माहिती पुसली जाते, असा सरांचा दावा. नवीन कुणी कामाला लागलं की सर त्याला खुर्ची ओढून बसवतात, ते फंक्शन दाखवतात आणि म्हणतात, ''अनसेट केलं की विषय संपला.'' वर असं बघतात की समोरच्याने टाळ्या वाजवाव्यात.

विषय संपत नाही. ज्यांना संगणकाचं ओ की ठो कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. व्हेरिएबल म्हणजे नाव चिकटवलेला डबा. फंक्शन म्हणजे एक बंद खोली. खोलीबाहेरचे डबे खोलीत दिसत नाहीत, आणि खोलीतले बाहेर दिसत नाहीत. कोणतं नाव कुठे ओळखलं जातं, त्या हद्दीला स्कोप म्हणतात. आता बाहेरचा डबा आतून वापरायचा असेल तर 'ग्लोबल' असं लिहावं लागतं. त्याने आतून बाहेरच्या डब्याला एक दोरी बांधली जाते, एवढंच. मग आत बसून तुम्ही अनसेट, म्हणजे 'पुसून टाक', म्हणालात, की कापली जाते ती दोरी. डबा बाहेर जागच्या जागी, भरलेलाच असतो. आणि आत बसलेल्या शहाण्याला वाटतं, आपण डबा फेकून दिला.

सरांचं 'साफ' फंक्शन नेमकं एवढंच करतं. आत ग्लोबल लिहितं, आतच अनसेट करतं, आणि हात झटकतं.

हे मला पहिल्यांदा कळलं ते एका केटररच्या कामात. आधीच्या ऑर्डरवरचा 'जैन जेवण, कांदा-लसूण नाही' हा शेरा तसाच राहिला आणि उरणच्या एका कोळी घराच्या हळदीच्या जेवणावर जाऊन बसला. हळदीला कोळ्यांच्या घरी जैन जेवण! केटररने पोट धरून हसत फोन केला म्हणून निभावलं. मी सरांना 'साफ'चा घोळ दाखवला. तीन ओळींचा कोड लिहिला: बाहेर डबा भरला, 'साफ' हाकलं, डबा उघडून दाखवला. आतला ऐवज स्क्रीनवर आला. सर स्क्रीनकडे बघून म्हणाले, तुझ्या मशीनवर होत असेल. मग म्हणाले, मी हे काम करायला लागलो तेव्हा तू शाळेत होतीस, तेव्हा 'कॉमन'ला हात लावायचा नाही. मी केटररच्या कामापुरती माझी वेगळी सोय करून घेतली आणि गप्प बसले. दगडावर डोकं आपटून घ्यायची माझी हौस लग्नातच फिटली होती.

हो, लग्न. तेही सांगून टाकते. माझं लग्न मोडलं आणि मी नवीन पनवेलला आईकडे परत आले. बाबा आधीच गेलेले. घरात आई आणि माझी धाकटी बहीण, ती एका शाळेत शिकवते. आमच्या घरी पाहुण्यांना काचेच्या बश्या आणि घरच्यांना स्टीलच्या ताटल्या, हा आईचा जुना शिरस्ता. मी परत आले तेव्हा कितीतरी दिवस आई मला काचेच्या बशीतच खायला द्यायची. बोलायची काही नाही, पण चार दिवस राहायला आलेय असं स्वतःला समजावत होती बिचारी. मग एका सकाळी उपमा स्टीलच्या ताटलीत आला. तिच्या कडेला माझं लहानपणीचं नाव टोचून घातलेलं आहे. मी तो उपमा खाल्ला आणि मला बरं वाटलं, हे कबूल करायला मला लाज नाही. आता आपण इथल्याच, असं त्या दिवशी मला कळलं.

त्यानंतर आईने धाकटीच्या लग्नाचं मनावर घेतलं. माझं बिघडलं, निदान हिचं तरी धड होऊ दे, हे ती भिंतीला सुद्धा सांगायची. स्टेशनच्या बाजूला एक बाई वधू-वर सूचक केंद्र चालवतात. त्यांची वेबसाइट आमच्याच ऑफिसने केलेली, म्हणजे खुद्द सरांनी. आईला वाटलं घरचंच आहे, नीट होईल. धाकटीचं नाव घातलं, फोटो दिला, पत्रिका दिली. केंद्राची पद्धत अशी, की दर रविवारी सकाळी मुलांच्या घरी ई-मेलने यादी जाते: या या मुली अनुरूप आहेत, पसंत असेल तर फोन करा.

स्थळांविषयी मी काय बोलावं! मुलगा कुठेतरी नोकरीला चिकटलेला असतो, उलव्याला फ्लॅट बुक केलेला असतो, त्याचा ताबा पुढच्या दिवाळीत मिळणार असतो, आणि विमानतळ सुरू झाला की त्याची किंमत कुठे जाईल हे सांगताना मुलाच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी येतं. मुलाविषयी विचारलं की एवढं येत नाही. आणि मुलगी कशी हवी? मनमिळाऊ. चाळीस घरांत विचारा, चाळीस घरांत मनमिळाऊच हवी. घरातली बाकी माणसं कशी आहेत हे त्यावरून ओळखावं.

पण त्यांच्यातलंही कुणी येईना. आई केंद्राकडून मुलांच्या घरचे नंबर आणून स्वतः फोन करायची, आवाजात साखर घालून बोलायची, आणि पलीकडून सगळ्यांचं एकच उत्तर: पत्रिका जुळत नाही. आमच्याकडे नकार द्यायची ही रीत. मुलगी सावळी वाटली, पत्रिका जुळत नाही. मुलाचं बाहेर जमलंय, पत्रिका जुळत नाही. खरं कारण तोंडाबाहेर काढायचं नाही, कारण तसं केलं तर आपण वाईट दिसतो. आकाशातल्या ग्रहांवर एवढा आळ दुसऱ्या कुठल्या समाजाने घेतला नसेल. आई फोन ठेवायची, माझ्याकडे बघायची आणि स्वयंपाकघरात जायची. भांड्यांचा आवाज जरा मोठा यायचा.

न बोलता किती दिवस चालणार? एका संध्याकाळी मी घरी आले तर आई माझ्या लॅपटॉपची वाट बघत टेबलाशी बसलेली. म्हणाली, तुला त्या साइटमध्ये जाता येतं ना, मग तिच्या माहितीतली एक ओळ काढून टाक. ओळ होती, 'एक मोठी बहीण'. नुसती एवढीच. विवाहित नाही, घटस्फोटित नाही, काही नाही. पण लोक चौकशी करतात, मग त्यांना कळतं, मग पत्रिका जुळत नाही. असा आईचा हिशेब. धाकटी सोफ्यावर बसून वह्या तपासत होती. ती मान वर न करता म्हणाली, ''ताई, एकदा जमू दे गं. मग सांगूच सगळ्यांना.''

मग सांगूच! जणू मी म्हणजे कर्नाळ्याला नेऊन लपवलेली सरप्राइज पार्टी. मी लॅपटॉप उघडला. भांडता आलं असतं, पण आई पदराने चष्मा पुसत बसली होती आणि मला त्या पुसण्याचा भयंकर राग आला होता, आणि राग आला की मी कामं फार चोख करते. माझी ओळ मी स्वतःच्या हाताने काढली. आईला दाखवली. तिने चष्मा लावून खात्री करून घेतली. आता माहितीत 'कुटुंब: आई' एवढंच राहिलं. रात्री जेवताना तिने मला जास्तीची पोळी वाढली. मी ती खाल्ली नाही.

आणि गंमत बघा, मला पुसूनही नकार थांबले नाहीत. पत्रिका जुळत नाही, पत्रिका जुळत नाही. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, अरेच्चा, म्हणजे कारण ही पोरगी नव्हती की काय! पण आई एकदा कारण ठरवते ते ठरवते. आता ती म्हणायला लागली, पनवेल केवढंसं, लोकांना कळतंच. म्हणजे ओळ असली तरी माझ्यामुळे, नसली तरी माझ्यामुळेच.

तेवढ्यात पनवेलजवळच्या नेऱ्याहून फोन आला. आमच्यातलीच माणसं, पण पिढ्यान् पिढ्या तिकडे डोंगराखाली शेती करणारी, म्हणून बोलणं तिकडचं. मुलगा उरणला बंदरातल्या एका कंपनीत चांगल्या नोकरीला. फोन मुलाच्या वडिलांचा. आईने आधी नाक मुरडलं, कारण पहिल्याच वाक्यात त्यांनी 'हाय' आणि 'नाय' म्हटलं. पुण्याकडच्या नातेवाइकांना असली सोयरीक कशी दाखवणार, हा तिचा पहिला घोर. पण पुढचं वाक्य ऐकून ती उभीच राहिली. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

''आमाला काय अडचन नाय. पोर केवडा हाय, तेवडा सांगा.''

आई म्हणाली, कुठलं पोर? ते म्हणाले, मुलीचं. तर आईचा तोल सुटला. असली काही आमची मुलगी नाही, ती घटस्फोट झालेली मोठी, ही नव्हे, आणि मोठीलाही मूलबाळ काही नाही, काय वाट्टेल ते बोलता, असं ओरडून तिने फोन आपटला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ''बघ. काय काय पसरलंय तुझ्याबद्दल गावात.''

मला रडू येण्याऐवजी हसू आलं, त्याने ती आणखी भडकली. पण माझ्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं होतं. मला मूल नाही. माझ्याबद्दल गावात काहीही बोलतात, मी कशी उद्धट, कशी नवऱ्याच्या डोक्यावर मिरे वाटायची, सगळं मला माहीत आहे. पण मूल कुणी लावलं नव्हतं. मग हे पोर आलं कुठून? या बाबाने ते कुठेतरी वाचलेलं होतं. विचारण्याची पद्धतच तशी होती. जे आधीच माहीत आहे त्याचं फक्त वय विचारायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेल्या गेल्या मी केंद्राच्या वेबसाइटचा कोड उघडला. वेबसाइटवर धाकटीची माहिती ठणठणीत होती, ती तर आम्ही घरी शंभरदा बघत होतो. बघितली नव्हती ती रविवारची ई-मेल. ती मुलांच्या घरी जाते, मुलीच्या घरी नाही. मी ती यादी माझ्या स्वतःच्या पत्त्यावर पाठवून घेतली. धाकटीचा फोटो, हसरा. खाली शिक्षण, उंची, रास, कुटुंब. आणि त्याच्याखाली, ठळक अक्षरांत: घटस्फोटित, एक अपत्य.

कोडमध्ये शेरा नावाचं व्हेरिएबल होतं. मुलीच्या माहितीत शेरा असेल तर तो त्यात भरायचा, नसेल तर काहीच करायचं नाही. एक मुलगी झाली की पुढच्या मुलीआधी हाकायचं, कोण? 'साफ'! आमच्या धाकटीच्या आधीच्या नंबरावर उलव्याच्या एक बाई होत्या, त्या खरंच घटस्फोटित, आणि त्यांना खरंच एक मूल. त्यांचा शेरा डब्यात भरला गेला, 'साफ'ने आत बसून दोरी कापली, आणि डबा भरलेलाच पुढे आला. धाकटीला स्वतःचा शेरा नव्हता, म्हणून तिला त्या बाईंचा लागला. फक्त तिलाच नाही, तिच्या मागच्या कितीतरी मुलींना, पुढचा कुणाचा शेरा येईपर्यंत. सगळ्या घटस्फोटित. सगळ्यांना एक अपत्य. आणि एवढ्या घरांमधून एकाही माणसाने फोन करून विचारलं नाही, की अहो, ही मुलगी यादीत अशी दाखवलीय, खरं आहे का? सगळ्या सभ्य, सुशिक्षित, मनमिळाऊ माणसांनी वाचलं, नाक दाबलं, आणि म्हणाले, पत्रिका जुळत नाही. सरांचा मूर्खपणा एका रविवारी उघडा पडला असता. आमच्या लोकांच्या सभ्यपणाने तो महिनोन् महिने पोसला.

मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. सर्व्हर बदलला तेव्हापासून होत असणार, म्हणाले. मी म्हटलं, सर्व्हरचा काही संबंध नाही, फंक्शनच्या आत अनसेट केलंत तर बाहेरचं जात नाही. सर म्हणाले, टेक्निकल इश्यू आहे, बघून घे. मी लूपच्या, म्हणजे एकेका मुलीची पाळी येते त्या फेऱ्याच्या, सुरुवातीलाच शेरा रिकामा करणारी एक ओळ घातली. एक ओळ! माझ्या बहिणीचे इतके रविवार त्या एका ओळीपायी गेले. मग मी म्हटलं, ज्यांना ज्यांना चुकीची यादी गेली त्या सगळ्या घरांना कळवायला हवं, मुलींच्या घरांनाही. तर सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, कुणाला कळलंय? कशाला उगाच खाजवून खरूज काढायची? सुधारित यादी पाठव, म्हणजे झालं. केंद्राच्या बाईंना त्यांनी फोनवर सांगितलं, सिस्टिम अपग्रेड केलीय. बाईंनी आभार मानले. त्या बाकीच्या मुलींच्या घरी अजून कुणीतरी भांडी आपटत असेल आणि चुकीच्या माणसाकडे बघत असेल. त्यांना मी काय सांगणार? मी त्यांचे नंबर वापरायचे नाहीत, अशी सरांची सक्त ताकीद होती. त्या वेळी मात्र त्यांना खासगी माहितीचं पावित्र्य आठवलं.

एक फोन मात्र मी केलाच. नेऱ्याच्या त्या गृहस्थांना. तो नंबर त्यांच्याच फोनने आमच्या घरी आलेला, त्याला कुणाची ताकीद लागत नाही. मी सांगितलं, यादीत चूक झाली होती, मुलीचं पहिलंच लग्न आहे, मूलबिल काही नाही. ते म्हणाले, बरं झालं, पण असतं तरी आम्हाला चाललं असतं, घर मोठं आहे. मग चुकीच्या यादीची माझी माफी बाजूलाच राहिली आणि त्यांनी घर किती मोठं आहे ते सांगायला सुरुवात केली. शेजारी फार्महाउसं झाली, जमिनीला काय भाव आला, दोन गाड्या कुठल्या, गोठ्यात फरशी कुठली. थोरपणा एका वाक्यापुरता होता, मग फक्त फरशी. शेवटी त्यांनी विचारलं, आपण कोण बोलताय. मी सांगितलं, मुलीची मोठी बहीण.

संध्याकाळी आईला सगळं समजावलं. डबे, दोरी, खोली, सगळं. लॅपटॉपवर जुनी यादी दाखवली, नवी दाखवली. धाकटी तर रडायलाच लागली, माझ्या गळ्यात पडली. आईने दोन्ही याद्या वाचल्या. सरांना शिव्या घातल्या, त्यात मी मनापासून भर घातली. घरात बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला. मी वाट बघत होते. आई काहीतरी म्हणेल. निदान, तुझ्यामुळे नव्हतं गं, एवढं तरी. तिने कप विसळले आणि मालिका लावली.

नवी यादी गेली आणि फोन सुरू झाले. जादूच जणू! ज्यांच्या पत्रिका जुळत नव्हत्या त्यांच्यातल्या दोघांच्या ग्रहांनी जागा बदलल्या. धाकटी मात्र खमकी निघाली. म्हणाली, मूल आहे असं वाचूनही ज्यांनी फोन केला त्यांना आधी भेटायचं. आईने पुणेकर नातेवाइकांची आठवण काढून बघितली, पण धाकटी बधली नाही. नेऱ्याची मंडळी रविवारी येणार असं ठरलं.

शनिवारी आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात साबुदाणा भिजवायचं पातेलं. कांदेपोहे नको, ते अगदीच ठरल्यासारखं दिसतं, म्हणून साबुदाणा वडे करणार होती. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, उद्या तुझं काही काम असेल ना ऑफिसात. मी म्हटलं, उद्या रविवार आहे. ती पातेल्यात बघत राहिली.

मी म्हटलं, ''आई, आता तर कळलंय ना तुला, नकार माझ्यामुळे येत नव्हते.''

''कळलं गं,'' ती म्हणाली. ''पण आता जमतंय, तर कशाला?''

एवढंच. रागाने नाही, अगदी मऊ आवाजात. सरांचा मला राग येतो, पण सर मूर्ख आहेत, त्यांना डबा दिसत नाही. आईला डबा दिसत होता. तिला तो तिथे नको होता. मी ऑफिसची किल्ली पर्समध्ये टाकली, कारण तोंड उघडलं असतं तर जे बोलले असते ते परत घेता आलं नसतं.

रविवारी सकाळी मी ऑफिसची किल्ली घेऊन निघाले. खालचं मिठाईचं दुकान उघडं होतं, वर मी एकटी. यादी बरोबर गेली का ते बघितलं. बरोबर गेली होती. मग काही कामच उरलं नाही. सरांच्या 'कॉमन'मधलं 'साफ' उघडून बसले आणि त्या तीन ओळींकडे बघत बसले. एक शिवी हासडली, ती सरांनाच होती असं म्हणवत नाही.

तेवढ्यात धाकटीचा फोन. कुजबुजत बोलत होती, बहुतेक स्वयंपाकघरातून. मंडळी आली होती, दोन गाड्या भरून, मुलगा बरा वाटला होता, वड्यांचं कौतुक झालं होतं. आणि मग मुलाच्या वडिलांनी आईला विचारलं होतं, यादीत तर मुलीला भावंड लिहिलेलं नाही, मग आम्हाला फोन करून बोलली ती मोठी बहीण कोण? फोनवर तुम्हीच म्हणालात ना, मोठी आहे म्हणून? आईचा चेहरा उतरला होता. तिने सांगून टाकलं, की आहे, पण तिला आज सुट्टी मिळाली नाही. तर ते म्हणाले, लांब नसेल तर येऊ दे, आम्ही थांबतो. ''ताई, ये ना,'' धाकटी म्हणाली. ''मी वाट बघतेय.'' शनिवारी आईने मला सांगितलेलं तिला माहीत नव्हतं, असं ती म्हणाली. मी तिच्यावर विश्वास ठेवला.

रिक्षा केली आणि गेले. हॉलमध्ये माणसंच माणसं, सगळ्यांच्या हातात काचेच्या बश्या. मुलाचे वडील सोफ्याच्या मधोमध, पांढरा शर्ट, बोटात अंगठ्या. मुलगा कोपऱ्यातल्या खुर्चीत, घाबरलेला. आई पुढे आली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, मिळाली का गं सुट्टी शेवटी.

मी चपला काढल्या. म्हणाले, ''सुट्टीच होती मला. घरी थांबू नकोस म्हणून सांगितलं होतं.''

मुलाच्या वडिलांनी बशीतल्या वड्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि बायकोला म्हणाले, सरक जरा, हिला बसू दे. त्यांनी हे चांगुलपणाने केलं की सगळं बघायला मजा येत होती म्हणून, मी सांगू शकत नाही. दोन्ही असेल. धाकटी मात्र स्वतःच उठली, माझ्यापाशी आली आणि माझा हात धरून उभी राहिली, सगळ्यांसमोर.

आई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काचेची बशी होती. दोन वडे, वर चटणी, बाजूला चमचा. पाहुण्यांना दिली तशीच, अगदी नीट मांडलेली. माझ्यासमोर धरली. तिचे डोळे भरलेले होते, मला दिसत होतं, आणि तरीही बशी काचेचीच होती.

मी ती घेतली आणि टीपॉयवर ठेवली. आत गेले. मांडणीवरून माझी स्टीलची ताटली काढली, कडेला नाव टोचलेली. कढईशेजारच्या परातीतून दोन वडे घेतले, आणि बाहेर येऊन धाकटीच्या शेजारी बसून खाल्ले.